गाडी उचलली, गुत्ता तसाच : माहूरच्या सीमेवरून दिसणारा दारू-कायद्यांचा इतिहास

१/
मध्यरात्र उलटून गेली आहे. परवाना नसलेली एखादी खानावळ अर्धे शटर ओढून चालू आहे. पोलीस येतात, बाहेर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांच्या गाड्या टोइंग व्हॅनला जोडून घेऊन जातात. गिऱ्हाईक दंड भरून गाडी सोडवते आणि आतला धंदा दोन दिवसांनी पुन्हा सुरू होतो. गुन्हा दारूचा असताना हात गाडीवर का पडतो? या प्रश्नाचे उत्तर दीडशे वर्षांच्या कायद्यांत दडलेले आहे. हा धागा त्याविषयी.

२/
हा इतिहास आपण मुंबईतून पाहणार नाही, नांदेड जिल्ह्यातील माहूरमधून पाहू. माहूर म्हटले की रेणुकामाता, दत्तशिखर आणि किल्ला आठवतो. मात्र दारूच्या कायद्यांच्या अभ्यासकाला हे गाव आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे वाटावे. उत्तरेला पैनगंगा, पलीकडे वऱ्हाड, दक्षिण-पूर्वेला आदिलाबाद. राज्ये बदलली, सीमा सरकल्या आणि एकाच मुलखातील माणसांना निरनिराळ्या काळी निरनिराळे दारू-कायदे लागू झाले.

३/
सुरुवात १८५३ पासून करू. त्या वर्षीच्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. त्यानंतर पैनगंगा ही केवळ नदी उरली नाही. दक्षिण तीरावर निजामाचा अंमल, उत्तर तीरावर इंग्रजांचा. पुढे १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. दोन्ही तीरांवर एकच बोली, एकच सोयरीक, एकच जत्रा. आबकारीचे नियम मात्र दोन.

४/
आबकारी म्हणजे मादक पदार्थांवरील कर आणि त्याचे प्रशासन. जुनी पद्धत सोपी होती. शिंदी, ताडी आणि मोहाची दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क सरकार लिलावात काढी. सर्वाधिक बोली लावणारा तो ‘गुत्ता’ घेई. मराठवाड्यात आजही कंत्राटदाराला ‘गुत्तेदार’ म्हणतात. आणि दारूच्या दुकानालाही मराठीत ‘गुत्ता’ म्हणतात. ठेका आणि दुकान यांना एकच शब्द असावा, यातच महसुलाचा सारा इतिहास सामावला आहे.

५/
या व्यवस्थेत ‘बेकायदा दारू’ ही कल्पना कशी जन्मली, हे नीट समजून घ्या. माहूर-किनवटच्या डोंगराळ भागात गोंड, कोलाम, आंध या समाजांची वस्ती आहे. मोहाचे झाड तेथे अन्नही देते, तेलही आणि पेयही. घरच्या पूजेसाठी, लग्नासाठी गाळलेल्या दारूला कोणी गुन्हा मानत नव्हते. सरकारने गाळण्याचा हक्क विकायला काढला आणि विकत न घेता गाळणारा प्रत्येक जण एका दिवसात गुन्हेगार ठरला. गुन्ह्याचे मूळ नशेत नव्हते. बुडालेल्या करात होते.

६/
मुंबई इलाख्यात हेच धोरण अधिक काटेकोरपणे राबवले गेले. १८७८ चा मुंबई आबकारी कायदा हा त्याचा पाया. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास ‘मोहडा’ कायदा झाला. त्याने मोहाची फुले बाळगण्यावर आणि विकण्यावरच नियंत्रण आणले. दारू पकडणे अवघड जाते, म्हणून दारूच्या आधीची पायरी, म्हणजे फूलच पकडायचे. ही युक्ती लक्षात ठेवा. पुढे ती गाडीच्या रूपाने परत येईल.

७/
आबकारी कायद्यांत आणखी एक तरतूद सर्रास असे. चोरट्या दारूबरोबर ती वाहून नेणारे जनावर, गाडी किंवा होडीही जप्त करता येई. कारण उघड आहे. मडके फोडता येते, दारू ओतून देता येते, माणूस रानात पळून जातो. बैलगाडी कोठे पळणार? शिवाय गाडी आणि बैलजोडी म्हणजे कुटुंबाची सारी मिळकत. दंडापेक्षा जप्तीची धास्ती मोठी. गाडी हाती लागली की मालक आपोआप चौकीवर येतो, हे प्रशासनाने तेव्हाच ओळखले होते.

८/
त्याच काळात इंग्लंडमध्ये दुसरा एक विचार कायद्यात आला. १८७२ च्या तेथील परवाना कायद्याने रस्त्यावर घोडा, गुरे, गाडी किंवा वाफेचे इंजिन ताब्यात असताना दारूच्या नशेत असणे हा गुन्हा ठरवला. येथे सरकारला कराची चिंता नव्हती. रस्त्यावरील दुसऱ्या माणसाच्या जिवाची होती. म्हणजे दारू आणि वाहन यांचा संबंध दोन वाटांनी कायद्यात शिरला : एक महसुलाची वाट, दुसरी सुरक्षिततेची. आजचा गोंधळ या दोन वाटा एकमेकींत मिसळल्याने झाला आहे.

९/
महसुलासाठी दारू विकणाऱ्या सरकारला आपल्याकडे पहिल्यांदा जाब विचारणाऱ्यांत महात्मा जोतीराव फुले होते. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये त्यांनी शहरातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी आक्षेप नोंदवला. त्यांचा रोख पिणाऱ्यावर नव्हता, दुकानाला परवानगी देणाऱ्या व्यवस्थेवर होता. दारूचा प्रश्न गिऱ्हाइकापासून सुरू होतो की दुकानापासून, हा वाद आपल्याकडे इतका जुना आहे.

१०/
मराठवाड्यातील लोकांनी हाच जाब वेगळ्या भाषेत विचारला. हैदराबाद मुक्तिसंग्रामात, १९४७-४८ च्या सुमारास, स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी ठिकठिकाणी शिंदीची झाडे तोडली. आबकारी हे निजामाच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते; झाड तोडले की ते उत्पन्न आटते. पिणाऱ्याला मारहाण करून किंवा त्याची गाडी अडवून हे साधले नसते. सत्याग्रहींनी नेमके मूळ ओळखले होते. त्यांनी कुऱ्हाड चालवली ती तिजोरीच्या झऱ्यावर.

११/
इकडे मुंबई प्रांतात दारूबंदीचे पर्व सुरू झाले होते. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी आणली. मंत्रिमंडळ गेले आणि ती ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम झाला आणि एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. १९५१ मध्ये ‘बलसारा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधे व प्रसाधने यांच्याशी संबंधित काही तरतुदी रद्द केल्या. कायद्याचा गाभा मात्र टिकला.

१२/
हाच अधिनियम आज ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ या नावाने जिवंत आहे. आपल्या विषयासाठी त्यातील दोन कलमे पाहा. कलम ६८ दारू पिण्याचा अड्डा चालवणाऱ्यासाठी आहे. कलम ८४ तेथे पिताना किंवा पिण्याच्या हेतूने सापडणाऱ्यासाठी. कलम ८४ मध्ये एक विलक्षण गृहीतक आहे : अड्ड्यावर मद्यपान चालू असताना जो सापडेल, तो पिण्यासाठीच आला होता असे मानले जाईल, तसे नव्हते हे त्याने सिद्ध करायचे. विनापरवाना ढाब्यांवरील छाप्यांत मालकाबरोबर गिऱ्हाइकांवरही गुन्हे दाखल होतात, ते याच कलमाखाली.

१३/
वाहनासाठी कलम ९८ आणि ९९. पहिल्याने दारूच्या गुन्ह्यात वापरलेले जनावर, गाडी, जलयान किंवा वाहन जप्तीस पात्र ठरते. दुसरे कलम मालकाला ढाल देते : गुन्हा घडू नये म्हणून आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, असे मालकाने न्यायालयाला पटवून दिले तर वाहन सरकारजमा होत नाही. १९४९ च्या कायद्यातही जनावर आणि बैलगाडी आहेत, हे पाहा. एकोणिसाव्या शतकातील आबकारीची सावली येथपर्यंत पोहोचली आहे.

१४/
ही ढाल किती मोलाची आहे, हे अमेरिकेकडे पाहिल्यावर कळते. तेथील राष्ट्रीय दारूबंदीच्या काळात (१९२० ते १९३३) चोरटी दारू वाहणाऱ्या मोटारी जप्त होत. १९२५ च्या ‘कॅरोल’ खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सबळ कारण असेल तर पोलीस वॉरंटाशिवाय मोटारीची झडती घेऊ शकतात. घर जागेवर राहते, मोटार निघून जाते. आणि १९९६ च्या ‘बेनिस’ खटल्यात नवऱ्याच्या गैरवर्तनासाठी बायकोच्याही मालकीची मोटार जप्त झाली. तिचा काही दोष नव्हता, तरी जप्ती वैध ठरली. आपल्या कलम ९९ पुढे तिला निदान दाद मागता आली असती.

१५/
आता पुन्हा माहूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. तोवर किनवट तालुका, आणि त्यातील माहूर, हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्या दिवशी तो मुंबई राज्यात आला. पैनगंगेपलीकडील यवतमाळही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले. शंभर वर्षांनी दोन्ही तीर एका सत्तेखाली आले. पुढे १९५९ च्या कायद्याने मुंबईची दारूबंदी या नव्या प्रदेशांवर विस्तारली. निजामाच्या काळात जे गुत्त्याचे होते, ते आता थेट निषिद्ध ठरले.

१६/
निषिद्ध ठरले म्हणून संपले मात्र नाही. मुंबईत घराघरांतून अड्डे चालू लागले. हातभट्टीची दारू रबरी ट्यूबांत भरून शहरभर फिरू लागली. त्यावर टोळ्या पोसल्या गेल्या आणि हप्त्यांची साखळी घट्ट झाली. पैनगंगेपलीकडील पुसद परिसरातून आलेले वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत दारूबंदी शिथिल झाली. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले. राज्य पुन्हा परवाने देऊ लागले, कर घेऊ लागले.

१७/
येथे आपल्या कायद्याची दुहेरी प्रकृती तयार झाली. नाव दारूबंदीचे, काम परवान्याचे. कागदोपत्री आजही पिणाऱ्याला परवाना लागतो. अधिकृत दुकानांतून मिळणारा कर राज्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग आहे. अशा राज्यात विनापरवाना अड्डा दोन कारणांनी गुन्हेगार ठरतो : तो लोकांना दारू पाजतो आणि सरकारचा वाटा बुडवतो. कोणत्या कारणासाठी कारवाई होते आहे, हे बघणाऱ्याला कळत नाही. कधीकधी करणाऱ्यालाही कळत नसावे.

१८/
सीमेवरील गावांना ही दुहेरी प्रकृती अधिक जवळून दिसते. नेल्लोर जिल्ह्यातील महिलांच्या आंदोलनानंतर आंध्र प्रदेशाने १९९३ मध्ये अरक विक्री बंद केली आणि जानेवारी १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी आणली. १९९७ मध्ये ती मागे घेतली गेली. बुडणारा महसूल आणि शेजारी राज्यांतून होणारी तस्करी, ही त्यामागची मोठी कारणे सांगितली गेली. १९५९ मध्ये माहूर कोरडे झाले होते. १९९५ मध्ये माहूर ओले आणि शेजारचा आदिलाबाद कोरडा. एकाच आयुष्यात सीमेची दिशा उलटली.

१९/
महाराष्ट्रात मात्र एक खरा लोकशाही मार्ग निघाला. गावातील किंवा प्रभागातील महिलांनी मतदान करून दुकान बंद करायचे. मतपत्रिकेवर दोन चित्रे : उभी बाटली आणि आडवी बाटली. ‘बाटली आडवी झाली’ हा शब्दप्रयोग तेथूनच रूढ झाला. जिल्हास्तरावर वर्धा १९७५ पासून, गडचिरोली १९९३ पासून कोरडे आहे. चंद्रपूर २०१५ मध्ये कोरडे झाले आणि २०२१ मध्ये ती बंदी उठली. यवतमाळ जिल्हा वर्धा आणि चंद्रपूर या दोन्हींना लागून आहे; म्हणजे माहूरच्या नदीपलीकडे पुन्हा तोच सीमेचा खेळ.

२०/
दारू आणि वाहन यांची ताटातूट करण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने केला. १५ डिसेंबर २०१६ च्या निकालाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील दारूविक्रीवर १ एप्रिल २०१७ पासून बंदी आली. वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर करण्यात आले. हेतू स्पष्ट होता : चालकाच्या हाताशी बाटली असू नये. येथे कायद्याने गाडी पकडली नाही, दुकान हलवले. पुढे नगरपालिका हद्दीतील दुकानांना सवलत मिळाली, हा भाग निराळा.

२१/
आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. पोलीस गाडी नेतात तेव्हा रस्त्यावरून सारखी दिसणारी, पण कायद्याने वेगळी अशी तीन कृत्ये असू शकतात.
एक : गाडी चोरटी दारू वाहत होती, म्हणून दारूबंदी अधिनियमाखाली जप्ती.
दोन : चालक नशेत गाडी चालवताना सापडला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असणे गुन्हा आहे. अशा चालकाला अटक झाल्यावर गाडीची तात्पुरती व्यवस्था पोलीस करतात.
तीन : गाडी निषिद्ध जागी उभी होती, किंवा दहा तास वा त्याहून अधिक काळ बेवारस पडून होती. अशा वेळी कलम १२७ नुसार गणवेशातील पोलीस अधिकारी ती टोचन करून हलवू शकतो.

२२/
अड्ड्याबाहेर उभी असलेली गिऱ्हाइकाची गाडी यांपैकी कशात बसते? तिच्यात चोरटी दारू नाही, म्हणून पहिले लागू नाही. ती चालू नाही, म्हणून दुसरे नाही. ती चुकीच्या जागी उभी असेल तर फक्त तिसरे. म्हणजे दारूच्या गुन्ह्यावरील कारवाई पार्किंगच्या नियमाचा आधार घेऊन होते. हे अवैध असेलच असे नाही. पण दारूच्या कारवाईची नोंद वाहतुकीच्या चलानात होते आणि अड्डा चालवणाऱ्याचे नाव त्या कागदावर कोठेच येत नाही.

२३/
पोलिसांची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. पहाटे दोनला बाहेर पडणारा माणूस शुद्धीत नसतो आणि त्याच्या हाती हजार किलोंचे यंत्र असते. त्याची गाडी आधीच उचलून नेली तर कदाचित त्याचा आणि वाटेवरल्या दुसऱ्या कोणाचा जीव वाचेल. देवीच्या दर्शनाला पहाटे पायी निघालेल्या यात्रेकरूला या कारवाईचे महत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. १८७२ च्या इंग्रजी कायद्यामागील चिंता आजही खरी आहे. तीच चिंता असेल, तर ‘हे आम्ही सुरक्षिततेसाठी करतो’ असे उघड म्हणावे आणि त्या माणसाच्या घरी जाण्याचीही सोय पाहावी.

२४/
अडचण तेव्हा येते, जेव्हा गाडी उचलणे हीच अड्ड्यावरील कारवाई मानली जाते. दारूची साखळी लांब असते : भट्टी, वाहतूक, अड्डा, संरक्षण देणारे हात आणि सर्वांत शेवटी गिऱ्हाईक. टोइंग व्हॅन त्या शेवटच्या कडीला धरते, कारण ती रस्त्यावर उभी असते. पहिली कडी तशीच राहिली तर काय होते, हे जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत दिसले. विषारी दारूने तेथे शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या गिऱ्हाइकांकडे उचलण्याजोग्या गाड्या नव्हत्या. म्हणून गाड्यांवर लक्ष ठेवणारी कारवाई त्यांच्या अड्ड्यापर्यंत कधी पोहोचलीही नसती.

२५/
दीडशे वर्षांचा हिशेब मांडला तर एक गोष्ट वारंवार दिसते. ज्यांना दारूचा धंदा खरोखर बंद करायचा होता, त्यांनी स्रोत गाठला : फुल्यांनी परवान्यावर बोट ठेवले, मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांनी शिंदीचे झाड तोडले, गावोगावच्या महिलांनी बाटली आडवी केली. ज्यांना कारवाई दाखवायची होती, त्यांनी हाताला लागेल ते धरले : मोहाचे फूल, बैलगाडी, मोटार. फुलाने आणि गाडीने आजवर एकही गुत्ता बंद झालेला नाही.

२६/
म्हणून पुढच्या वेळी ‘अवैध बारवर मोठी कारवाई, इतकी वाहने उचलली’ अशी बातमी वाचाल, तेव्हा इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभतील असे तीन प्रश्न विचारा. कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली? कलम ६८ खाली चालकावर गुन्हा नोंदला का? महिन्याभराने ते शटर उघडे आहे की बंद? उत्तरे मिळाली नाहीत, तर ती बातमी वाहतुकीची समजावी.

२७/
आणि एक विनंती. माहूर, किनवट, पुसद, उमरखेड किंवा आदिलाबाद भागातील वाचकांनी घरातील जुन्या माणसांना विचारावे : शिंदीबन कोठे होते, गुत्ता कोणाकडे होता, दारूबंदी आली तेव्हा गावात काय झाले? आबकारीचे सरकारी दप्तर महसुलाचे आकडे सांगते. नदीच्या दोन तीरांवर माणसांनी हे कायदे कसे सोसले, ते या आठवणीच सांगतील. उत्तरे येथेच खाली लिहा. धागा समाप्त.